हातभाला निवडताना : सहा फूट की आठ फूट?

बहामा बेटांच्या समुद्रात चाप ओढून भाला सोडणाऱ्या बंदुकीने मासेमारी करण्यास कायद्याने मनाई आहे. हवेची टाकी पाठीवर बांधून भाल्याने मासे मारण्यासही परवानगी नाही. श्वास रोखून बुडी मारायची आणि हातातील साध्या भाल्यावर भिस्त ठेवायची, एवढेच तेथे मान्य आहे. त्यामुळे या छंदाकडे वळणाऱ्या नवशिक्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो ‘पोलस्पिअर’ किती लांबीचा घ्यावा, हा.

पोलस्पिअर म्हणजे पुढे टोक आणि मागे रबराचा फास असलेला दांडा. फास अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून मूठ दांड्यावर पुढे सरकवली की रबर ताणले जाते. मूठ सैल करताच भाला झेपावतो. फास हातातच राहत असल्याने त्याचा पल्ला मर्यादित असतो. ‘हवाईयन स्लिंग’मधील दांडा मात्र हातातून पूर्णपणे सुटतो. या दोहोंत अनेकांची गल्लत होते.

बाजारात साधारणतः पाच ते नऊ फुटांचे भाले मिळतात. लांब दांड्याचा पल्ला आणि वजन अधिक, त्यामुळे मार जोरकस बसतो. पण तो पाण्यात वळवणे जड जाते आणि खडकांच्या कपारीत तर तो अडचणच ठरतो. आखूड भाला चटकन वळतो, परंतु माशाच्या फार जवळ जावे लागते. नवशिक्यासाठी सहा ते सात फूट ही लांबी सोयीची. आठ फुटांहून लांब भाले खुल्या समुद्रातील मोठ्या माशांसाठी, तर विषारी काट्यांच्या लायनफिशसाठी दोन-तीन फुटांचेही पुरतात. मूळचा हिंदी व प्रशांत महासागरांतील हा मासा आता कॅरिबियन परिसरात उपद्रवी ठरला आहे.

लांबीइतकेच महत्त्व रबराला आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून, टोक पाण्याखाली आणि माणसांपासून दूर ठेवून, रबर ताणून पाहावे. काही क्षणांतच हात थरथरू लागला, तर तो भाला आपला नव्हे. अशा भाल्याने नेम चुकतो, मासा जखमी होऊन निसटतो आणि त्याच्या मागे लागलेला पाणबुड्या श्वासाची मर्यादा ओलांडतो. वर येताना, पृष्ठभागाच्या अगदी जवळ, पूर्वसूचनेशिवाय शुद्ध हरपण्याचा धोका असतो. म्हणूनच एकाने बुडी मारावी व दुसऱ्याने वरून लक्ष ठेवावे, हा दंडक कसलेले पाणबुडेही मोडत नाहीत.

मुखवट्याच्या काचेतून मासा सुमारे एकतृतीयांशाने मोठा आणि एकचतुर्थांशाने जवळ भासतो. साहजिकच नवशिके दुरूनच भाला सोडतात. पल्ला कमी पडला, असे समजून लगेच लांब भाला घेण्याची घाई करू नये. आधी अंतराचा अंदाज बसू द्यावा. विमानप्रवास असल्यास दोन-तीन तुकड्यांत उघडणारा, आट्यांनी जोडायचा दांडा बरा.