छायाचित्रसंग्रह : काठीची राजवाडी होळी

काठी (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) हे सातपुड्यातले गाव पूर्वी मेहवासी संस्थानांपैकी एकाचे ठिकाण होते. फाल्गुन पौर्णिमेच्या रात्री इथे भरणाऱ्या राजवाडी होळीची छायाचित्रे जमवणे, त्यांची नोंद ठेवणे आणि ती अभ्यासाला खुली करणे हा या नोंदीचा विषय आहे. पाड्यापाड्यांवरून नर्तकांचे संच येतात, ढोलावर रात्रभर नाच चालतो आणि पहाटे उंच बांबूचा दांडा पेटवला जातो. बुध्या, बावा, मोरखी ही नर्तकांची सोंगे छायाचित्रकारांना आता पाठ झाली आहेत. कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी अशी चित्रे दरवर्षी ढिगाने निघतात. दस्तऐवज म्हणून मात्र त्यांतली फारच थोडी उपयोगी पडतात, कारण चित्रातला माणूस कोण, कोणत्या पाड्याचा, साल कोणते, हे बहुतेकांवर लिहिलेले नसते. संग्रहाची किंमत चित्रांच्या संख्येवर ठरत नाही, देखणेपणावरही नाही. ती चित्रासोबतच्या मजकुरावर ठरते, अशी या नोंदीची भूमिका आहे.

तुलनेसाठी मुष्टियुद्धाच्या छायाचित्रांकडे पाहावे. तिथेही उघडे अंग, रात्रीची वेळ, भोवती गर्दी आणि सगळ्यांच्या नजरा एकाच क्षणावर. 25 मे 1965 रोजी अमेरिकेतल्या मेन राज्यात लुइस्टन येथे मुहंमद अलीने सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडले. आडव्या पडलेल्या लिस्टनवर ओरडणाऱ्या अलीचे नील लायफरने टिपलेले रंगीत चित्र आज जगभर माहीत आहे; त्या आठवड्यात मात्र ते त्याच्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावरही आले नव्हते. अलीच्या पायांच्या मधून पलीकडे बसलेला एक छायाचित्रकार त्यात दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरच्याच नियतकालिकाचा. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. जवळपास त्याच क्षणी असोसिएटेड प्रेसच्या जॉन रूनीने घेतलेले कृष्णधवल चित्रही उपलब्ध आहे. ठोसा खरोखर बसला होता का, हा वाद अजून मिटलेला नाही. तरी तो पुराव्यानिशी घालता येतो, कारण दिवस, फेरी, पंच जर्सी जो वॉलकॉट आणि कोण कोणत्या बाजूला बसले होते, हे सारे नोंदलेले आहे. हँक कॅप्लन याने आयुष्यभर जमवलेला मुष्टियुद्धाचा संग्रह 2007 मधील त्याच्या मृत्यूनंतर ब्रुकलिन कॉलेजकडे गेला. त्यात छायाचित्रांइतकाच वृत्तपत्रीय कात्रणांचा भरणा आहे, आणि चित्रांना पुराव्याचे बळ येते ते या कात्रणांमुळे. काठीच्या चित्राखाली मात्र ‘पारंपरिक वेशातील आदिवासी नर्तक’ एवढेच छापले जाते.

अशा ओळीला जुना वारसा आहे. वॉटसन आणि के यांनी 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत माणसे मुख्यतः जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. वसाहतीचा कारभार गेला, ही सवय राहिली. याउलट कोल्हापूरच्या तालमींच्या भिंतींवर गदा घेतलेल्या पैलवानांच्या तसबिरी लागतात आणि कोण पैलवान, कोणाचा पठ्ठा, हे तिथला पोरसवदा मुलगाही सांगतो. आखाड्यातल्या माणसाला नाव असते, होळीत नाचणाऱ्याला नसते. हा फरक विषयाने घडवलेला नाही, चित्र जमवणाऱ्याच्या नजरेने घडवला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की व्रत घेतलेला नर्तक त्या रात्री व्यक्ती म्हणून नाचत नाही. सोंग हेच त्याचे रूप असते आणि त्याला नाव चिकटवणे म्हणजे विधीचा विपर्यास. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. नवस कोणा एकाचा असतो. होळीआधीचे दिवस खाटेवर न झोपता, चप्पल न घालता कोणी एक माणूसच काढतो. त्याचे नाव नको असेल तर पाड्याचे तरी लिहावे, आणि इथे हा तपशील फार मोलाचा ठरतो. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली मिळून 33 गावे आली. पुनर्वसनापूर्वीच्या चित्रावर गावाचे नाव असेल, तर पाण्याखाली गेलेल्या वस्तीचा संच कसा सजत होता हे कळते. नाव नसेल तर ते चित्र कुठल्याही होळीचे असू शकते.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. अर्धउघड्या अंगाचे चित्र नावासह सर्वत्र फिरावे, असे कोणालाही वाटणार नाही. मात्र नोंद ठेवणे म्हणजे नाव जाहीर करणे नव्हे. नाव, पाडा आणि संमती संग्रहाच्या वहीत राहू शकते. बाहेर काय जावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मुलांच्या चित्रांना तर हा नियम सक्तीचाच हवा.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि तारीख यंत्रच टिपते, मग वही कशाला, असेही विचारले जाते. चित्र व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवले की मूळ फाइलमधली तारीख आणि ठिकाण गळून पडते, आणि बहुतेक चित्रे संग्रहापर्यंत याच वाटेने येतात. शिवाय यंत्र टिपते ते घड्याळ; ढोल कोणत्या पाड्याचा, हे त्याला कळत नाही. उजेडाचा प्रश्न वेगळाच. समोरून फ्लॅश मारला की जाळाचा तांबूस रंग जातो आणि अंगावरचे ठिपके एकसारखे पांढरेफटक होतात. त्यामुळे फ्लॅश वापरला का, हेही टिपून ठेवावे. नाहीतर पुढचा अभ्यासक त्या पांढऱ्यालाच मूळ रंग समजेल. फिल्मच्या काळात रात्रीचा नाच टिपणे त्याहून अवघड होते. म्हणून जुन्या चित्रांत पहाट जास्त आणि मध्यरात्र कमी दिसली, तर त्यावरून मध्यरात्री नाच नव्हता असे अनुमान काढू नये.

ही होळी 1246 पासून चालत आल्याचे सांगितले जाते. छायाचित्रणाची कला 1839 मध्ये जगापुढे आली, तेव्हा या दाव्याच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणताही संग्रह साक्ष देऊ शकत नाही. अलीकडच्या दशकांत काय बदलले, हे मात्र तो दाखवू शकतो : घुंगरांची जागा कशाने घेतली, टोपाला मोरपिसांखेरीज काय लागले, प्रेक्षक कुठवर पुढे सरकले. त्यासाठी दांडा पेटतानाच्या शंभर चित्रांपेक्षा खड्डा खोदण्याचे, अंग रंगवण्याचे आणि सकाळी भोपळे सोडण्याचे एकेक चित्र जास्त बोलते. खड्डा हत्याराविना खोदायची रीत सांगितली जाते; तिची क्रमवार चित्रे असली तर तो सांगण्यापुरता विषय राहणार नाही.

जुन्या, नाव नसलेल्या चित्रांसाठी एक साधी पद्धत आहे. मोठे छाप काढून ते पाड्यांवर न्यावेत, म्हाताऱ्याकोताऱ्यांसमोर ठेवावेत, ओळख सांगणाऱ्याचे नावही टिपावे आणि दोघांनी वेगळी ओळख सांगितली तर दोन्ही ठेवाव्यात. छाप मात्र परत आणू नयेत, ते तिथेच राहू द्यावेत. मूळ प्रती पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी ठेवायच्या की काठीतच, यावर मतभेद होतील. दमट हवा आणि वीज यांचा विचार केला तर मूळ प्रती शहरात आणि पूर्ण प्रतिसंच गावात, ही वाटणी व्यवहार्य दिसते. दिनदर्शिकेवर किंवा जाहिरातीत चित्र छापायची परवानगी देण्याचा अधिकार मात्र गावाकडेच असावा.