कारभाऱ्याच्या आडनावाचं क्रियापद

शब्दांच्या जन्मवेळा सहसा हाती लागत नाहीत. ‘बॉयकॉट’ची लागते: १८८० सालचा शरद ऋतू, आयर्लंडच्या पश्चिमेकडचा मेयो परगणा. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा मूळचा इंग्लंडमधल्या नॉरफोकचा, आणि लॉर्ड अर्न या जमीनदाराच्या लॉक मास्क इथल्या जमिनीचा कारभारी. १८७९ साली पीक बुडालं होतं. अर्नने खंडात १० टक्के सूट देऊ केली, कुळांनी २५ टक्के मागितली. ती नाकारली गेली आणि सप्टेंबरात बॉयकॉटने कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या. नोटिसा बजावायला आलेल्या माणसाला बायकांनी दगड आणि चिखल मारून परत पाठवलं. मग शेतमजूर काम टाकून गेले, घरातले नोकर गेले, लोहाराने आणि धोबिणीने काम नाकारलं, दुकानदार माल देईनात. उभं पीक काढायला अल्स्टरमधून ५० प्रोटेस्टंट माणसं आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सैनिक व पोलिसांचा मोठा बंदोबस्त. सुमारे ५०० पौंडांचं पीक वाचवायला १०,००० पौंडांच्या आसपास खर्च पडला, असा त्या वेळचा हिशेब आहे. नोव्हेंबर संपता संपता बॉयकॉट कुटुंबासह लॉक मास्क सोडून गेला.

या प्रकाराला नाव कसं पडलं, ते अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथने लिहून ठेवलं आहे. ‘ऑस्ट्रसाइझ’ हा ग्रीकवरून आलेला शब्द हाताशी होता, पण तो शेतकऱ्यांना कळायचा नाही. तेव्हा तिथले धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांनी कारभाऱ्याचं आडनावच क्रियापद म्हणून सुचवलं. रेडपाथच्या हकिगतीत अडचण फक्त आकलनाची दिसते. माझ्या मते ती अर्थाचीही होती. अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यावर नाव कोरून माणसाला दहा वर्षं शहराबाहेर घालवत, तो नगराच्या सत्तेचा अधिकार होता. आपल्याकडे वाळीत टाकणारी जातपंचायतही सत्ताच होती. मेयोतल्या कुळांकडे ना जमीन होती, ना कायदा. फक्त स्वतःचे श्रम आणि शेजार काढून घेणं त्यांच्या हातात होतं. खालच्यांनी वरच्याला वाळीत टाकणं, या उलट्या दिशेला जुन्या शब्दांत जागा नव्हती. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन अशा भाषांनी एका परक्या गावातलं आडनाव झटपट उचललं, ते या गरजेपोटी.

यावर पहिला आक्षेप असा की ही कृती जुनीच होती. १७९१ साली ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार थांबवण्याचा ठराव फेटाळला, तेव्हा इंग्लंडमधल्या हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडिजची साखर सोडली. ते खरंच आहे, आणि फार मोलाचंही. पण साखर सोडणाऱ्याची चूल त्यामुळे विझत नव्हती. लॉक मास्कच्या मजुराने जी मजुरी नाकारली, तिच्यावरच त्याचं घर चालत होतं. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिसच्या सभेत आयरिश नेता पार्नेलने हे हत्यार सांगितलं, ते बेदखल झालेल्या कुळाची जमीन घेणाऱ्याविरुद्ध. त्याला रस्त्यात, दुकानात, देवळातसुद्धा महारोग्यासारखं दूर ठेवा, असा त्याचा सल्ला होता. म्हणजे पहिलं लक्ष्य बहुधा दुसरा शेतकरीच. शिवाय सगळे मजूर राजीखुशीने निघाले नव्हते. काहींना धमक्या होत्या. हा आक्षेप मी नाकारत नाही. फरक परिणामात आहे. बॉयकॉटपाशी फौज होती, ‘टाइम्स’मध्ये पत्र छापून आणण्याची ताकद होती, परतायला इंग्लंड होतं; १८८६ साली त्याला सफोकमध्ये पुन्हा कारभारीपण मिळालं. जमीन घेणाऱ्या गरीब शेतकऱ्याला यातलं काहीच नव्हतं. बहिष्काराची पारख करताना, तो कुणी टाकला याच्याइतकंच, ज्याच्यावर पडला त्याला दुसरा आसरा आहे का, हेही विचारलं पाहिजे.

मराठीत हा प्रश्न अधिक टोचतो, कारण इथे दोन्ही दिशांना एकच शब्द आहे. १९०५च्या वंगभंगानंतर स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीने टिळकांच्या चतुःसूत्रीत आला तो ‘बहिष्कार’. जातीच्या शिक्षेचा शब्द साम्राज्याविरुद्ध वापरला गेला. पण गावात जुना अर्थ जिवंतच होता. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२७ साली, महाडच्या सत्याग्रहानंतर काही दिवसांतच, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक काढलं. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांना शेतावरचं काम बंद, दुकानातलं धान्य बंद, वाट बंद. यादी जवळजवळ लॉक मास्कचीच, पण इथे ती जमीनमालकाच्या हातात होती, आणि ज्यांच्यावर ती चालवली जात होती त्यांच्या मदतीला फौज येणार नव्हती. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० साली या दहशतीची नोंद केली; आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याच्या शिक्षेविरुद्धही महाराष्ट्राने कायदा केला तो २०१६ साली, आणि २०१७च्या जुलैपासून तो लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. नुसता ‘बहिष्कार’ हा शब्द त्या कायद्याला पुरला नाही. मागे ‘सामाजिक’ जोडावं लागलं.