रमण्याच्या दारावर

असामान्य बुद्धीच्या माणसांनी आपापली मंडळे स्थापावीत, प्रवेशासाठी परीक्षा ठेवाव्यात आणि अशा मंडळांपैकी कोणत्यांची नोंद घ्यावी व कोणती वगळावी हा पेच मग कोशकारापुढे उभा राहावा, ही गोष्ट विसाव्या शतकातील पाश्चात्त्य देशांची वाटते. परंतु महाराष्ट्राच्या दफ्तरांत हाच पेच निराळ्या रूपाने निदान अडीचशे वर्षे पडून आहे, आणि त्याला सर्वांहून वेगळे उत्तर देण्याचे धैर्य ज्या दरबाराने केले तो करवीरचा, म्हणजे आमच्या कोल्हापूरचा होय.

सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा शिरस्ता पाडला होता. १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्रिंबकराव पडले, आणि त्यानंतर हा शिरस्ता पेशव्यांनी पुण्यास आणून आपल्याकडे घेतला. आरंभीचा हेतू शुद्ध विद्येचा होता: ज्याने वेद मुखोद्गत केला, ज्याने न्याय किंवा व्याकरण गुरुमुखाने पढून वादसभेत टिकवून दाखविले, त्याची परीक्षा व्हावी आणि त्याच्या योग्यतेप्रमाणे त्याला द्रव्य व मानाचे वस्त्र मिळावे. परंतु दूरदूरच्या प्रांतांतून येणाऱ्यांची गर्दी वर्षानुवर्षे वाढत गेली, तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी रमणा बांधावा लागला. त्या विस्तीर्ण आवारात मंडळींना घ्यावयाचे आणि दरवाज्यांतून एकेकास बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवावयाची, अशी वहिवाट पडली. थोर शास्त्र्यांचा सन्मान निराळा होत राहिला खरा. पण रमण्याच्या दारावर जो हात पुढे येई त्याला किती विद्या येते हे विचारण्यास सवड नव्हती, आणि विद्येचा निकष नकळत जन्माच्या निकषावर येऊन थांबला. दक्षिणा घेणाऱ्यांची यादी जितकी लांबली तितकी तिची साक्ष दुबळी झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण यादीत नाव असणे म्हणजे नेमके काय सिद्ध होणे, हे पुढे कोणालाच सांगता येईना.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने दक्षिणा एकाएकी बंद केली नाही. तिची रक्कम आवळून ती परीक्षेशी पुन्हा जोडण्याचा प्रयत्न इंग्रजी अमलात सुरू झाला, आणि १८२१ साली विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली तिचा खर्चही याच निधीतून चालला. १८४९ साली लोकहितवादी व त्यांच्या विचाराच्या तरुण मंडळींनी अर्ज केला की, या द्रव्याचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस मिळावा. या अर्जाने पुण्यात मोठा क्षोभ माजला, पण सरकारने तो मानला आणि १८५१ च्या सुमारास दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली. आता दारावर हातांऐवजी हस्तलिखिते येऊ लागली. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठविले. जोशीबुवांच्या थापेबाजीला भुलणारे कुणबी जोडपे आणि त्यांना शहाणे करणारी विद्या, असा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. आणि हे नाटक ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती पडण्यास पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. ज्या परीक्षकमंडळाला आपल्याच वर्तुळाच्या बाहेरची बुद्धी ओळखता येत नाही, त्याच्या यादीचे मोल काय, हा प्रश्न त्या एका हस्तलिखिताने कायमचा उभा केला आहे, आणि मला तो अजूनही अस्वस्थ करतो.

याच निधीतून पुढे महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमण्यात आले. त्यांत महादेव गोविंद रानडे होते, ज्यांचे बालपण वडिलांच्या दरबारी नोकरीमुळे कोल्हापुरात गेले आणि जे पुढे काही काळ या संस्थानात न्यायाधीश म्हणूनही आले. निवड नेमकी झाली की ती किती फळते, याचा हा दाखला. पण तेवढ्याने यादीचा मूळ दोष जात नाही.

त्या दोषावर औषध शोधले गेले ते पंचगंगेच्या काठी. वेदोक्ताच्या वादात कोल्हापूरच्या छत्रपतींनाच, तुमचा अधिकार कोणत्या मंत्रांचा, असे ऐकावे लागले होते. पात्रतेच्या यादीबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे शाहू महाराजांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेस गेलेले असताना, करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम निघाला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांनी भराव्यात. या हुकुमातील व्याख्या मी पुनःपुन्हा वाचली आहे. मागासलेले कोण, याची लांबलचक फर्द तीत नाही. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व, एवढेच तीत म्हटले आहे. म्हणजे यादी केली ती पुढे गेलेल्यांची, आणि दार उघडले ते त्या यादीत नसलेल्यांसाठी! रमण्याचा सगळा हिशेब येथे उलटा झाला.

नुसत्या हुकुमाने खेड्यातला मुलगा कचेरीत येत नाही. त्याला आधी शहरात राहण्यास जागा आणि दोन वेळचे जेवण लागते. म्हणून हुकुमाच्या आधीच, १९०१ पासून, वसतिगृहे निघू लागली होती: मराठ्यांचे, जैनांचे, मुसलमानांचे, लिंगायतांचे, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, आणि पुढे शिंपी, दैवज्ञ, पांचाळ अशा कितीतरी समाजांची. आज दसरा चौकात उभे राहिले तर महाराजांच्या पुतळ्याभोवती यांतल्या काही इमारती दिसतात, आणि गावातला माणूस त्यांना अजून ‘बोर्डिंग’ याच नावाने ओळखतो. एखाद्या समाजाची मंडळी मागणी घेऊन आली की दरबाराकडून जागा व वार्षिक मदत मिळे. त्यांनी आपल्या समाजाची बुद्धिमत्ता सिद्ध करावी, अशी अट मात्र घातली गेली नाही.

बुद्धी मोजण्याचे आधुनिक साधनही मुळात मागे राहिलेल्यांना हात देण्याच्या अशाच हेतूने निर्माण झाले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमोन यांनी पहिली चाचणी रचली ती प्रज्ञावंतांना पदके वाटण्यासाठी नव्हे, तर शाळेत मागे पडणारी व विशेष साहाय्याची गरज असलेली मुले हुडकण्यासाठी. आमच्या शेजारी धारवाड भागात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी ती नव्याने बसविली आणि १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दुसऱ्या टोकाला १९४६ साली ऑक्सफर्डमध्ये बेरिल व वेअर या दोघांनी ‘मेन्सा’ स्थापन केली, जिचे दार शंभरांतील वरच्या दोघांस उघडते. त्यानंतर हजारांत एक, आणि १९८२ साली रोनाल्ड होफ्लिन यांच्या ‘मेगा’ मंडळापासून दशलक्षांत एक, अशी अधिकाधिक अरुंद दारे निघत गेली. पण दशलक्षांत एक माणूस निवडावयाचा तर चाचणी तितक्याच विशाल समूहावर पारखलेली हवी. घरी बसून सोडविण्याची प्रश्नपत्रिका, ती रचणारा आणि मंडळ स्थापणारा एकच, आणि उत्तरे देणारे काही हजार, एवढ्या सामग्रीवर तो दावा उभा राहत नाही. अशा मंडळाची नोंद कोशकाराने घ्यावी ती बाहेरच्या अभ्यासकांनी त्याविषयी काही लिहिले असेल तर. मंडळाने स्वतःविषयी दिलेली ग्वाही मी पुरावा मानणार नाही. आणि मेन्साला मी यादीत घेईन ते केवळ तिच्या वयामुळे किंवा सभासदसंख्येमुळे नव्हे: तिचे भारतातील काम पुष्कळ वर्षे पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीतून चालले, आणि तेथील कार्यकर्ते चाचण्या घेऊन आदिवासी मुलांपर्यंत गेले, त्यांच्यातील हुशार मुले शोधून त्यांना हात देऊ लागले, हे माझे मुख्य कारण.

कामतांची चाचणी अजून वापरात आहे. येथल्या एका सरकारी रुग्णालयात मी ती एकदा जवळून पाहिली. भुदरगडकडची एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलीला दाखल्यासाठी घेऊन आली होती. तपासणाऱ्या बाईंनी मुलीला समोर बसवून विचारले, “नाक कुठंय तुझं, दाखव बघू?” मुलगी आईकडे पाहत राहिली. आई हलकेच म्हणाली, “दाखव की गं, बाई इचारत्यात नव्हं.” मुलीने बराच वेळ घेतला, मग बोट उचलून नाकाला लावले, आणि बाईंनी कागदावर खूण केली. पुढचे प्रश्न तसेच सावकाश झाले. शेवटी बाईंनी दौतीजवळची जाड वही ओढली, आईकडून मुलीचे, बापाचे व गावाचे नाव विचारून घेतले, आणि त्या पानावरच्या नावांखाली तिचे नाव स्वच्छ अक्षरांत लिहिले; त्या वहीतून तिला पुढे शाळा आणि सवलती मिळावयाच्या होत्या.