कृपणाची कवडी



एका याचकाने एका कृपणापुढे हात पसरला. कृपणाने एका द्रम्माचे अर्धे केले, त्या अर्ध्याचे दोन तृतीयांश घेतले, त्यांतला पाऊण भाग घेतला, त्याचा पाचवा हिस्सा काढला, त्या हिश्शाचा सोळावा हिस्सा काढला आणि त्याचाही चौथा हिस्सा याचकाच्या हातावर ठेवला. तर त्याने किती कवड्या दिल्या? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील हे उदाहरण आहे. ग्रंथ इ. स. ११५० चा.

शाळेतील हुशार मुलगा हे अपूर्णांक झटकन गुणील आणि उत्तर देईल : द्रम्माचा १२८० वा भाग. त्याच्या दृष्टीने गणित संपले. परंतु प्रश्न कवड्यांचा आहे आणि त्यासाठी ग्रंथाच्या आरंभी दिलेले कोष्टक उघडावे लागते. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिण्यांचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. वीस चोक ऐंशी, ऐंशीची सोळा पट बाराशे ऐंशी. म्हणजे एवढ्या भागाकारांची रास रचून त्या महाशयांच्या मुठीतून सुटली ती एकच कवडी! हा विनोद गणितात नाही, कोष्टकात आहे. ज्या मुलाला द्रम्माच्या कवड्या किती हे पाठ होते, तो शेवटच्या पायरीवर खुदकन हसला असेल. आपल्याला तो विनोद समजावून सांगावा लागतो. आणि तरीही तो सर्वस्वी परका नाही. आपण अशा माणसाला आजही 'कवडीचुंबक' म्हणतो, पडेल भावाने गेलेल्या मालाला 'कवडीमोल' म्हणतो. ग्रीकांचे द्रख्म हे नाणे आपल्याकडे द्रम्म झाले आणि द्रम्माचा झाला दाम. मालदीवच्या समुद्रातून निघालेली कवडी चलन म्हणून बंगालसारख्या प्रांतात एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. नाणी गेली, शब्द जिभेवर राहिले.

मुलांसाठी इतिहासाच्या कपड्यांतील गणिती कोडी रचण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. शिक्षक ती रचतात, पुस्तके निघतात, स्पर्धा होतात. हेतू चांगला आहे. रुक्ष अंकांना थोडा ओलावा येतो. तथापि अशा कोड्यात इतिहास नेमका कोठे असतो आणि कोठे नसतो, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी 'लीलावती'इतका चांगला ग्रंथ मला दुसरा दिसत नाही.

श्रेढीच्या, म्हणजे ठराविक वाढीने चढत जाणाऱ्या संख्यांच्या प्रकरणात एक राजा आहे. शत्रूचे हत्ती हस्तगत करावयास तो निघाला. पहिल्या दिवशी २ योजने चालला, पुढे रोज सारखीच वाढ करीत गेला आणि ७ दिवसांत ८० योजनांवरील शत्रूचे नगर त्याने गाठले. तर रोजची वाढ किती? उत्तर २२ सप्तमांश योजने. आता ह्यावरून कोणी बाराव्या शतकातील सैन्याच्या वेगाविषयी प्रबंध लिहू लागला तर? भास्कराचार्यांच्याच कोष्टकाप्रमाणे ४ हातांचा दंड, २००० दंडांचा क्रोश, ४ क्रोशांचे योजन. म्हणजे योजन ३२००० हातांचे. हात पंचेचाळीस सेंटिमीटरचा धरला तर योजन होते सुमारे साडेचौदा किलोमीटर. आपला राजा एका आठवड्यात साडेअकराशे किलोमीटर गेला आणि शेवटच्या दिवशी तर तीनशे किलोमीटर! घोडे सोडाच, आगगाडीनेही हा पल्ला कौतुकाने पाहावा. उघडच आहे की राजा, हत्ती आणि नगर हे सजावटीचे सामान आहे. २२ सप्तमांश असे उत्तर यावे एवढ्यासाठी ते मांडले आहे. अर्जुनाने कर्णाच्या रथावर सोडलेले १०० बाण हेही तसेच. वर्गमूळ सुटावे म्हणून भात्यात तितके बाण.

मग इतिहास कोठे आहे? तो कोष्टकात आहे. क्रोश, योजन, पण, द्रम्म, गुंजा, धान्याचे द्रोण आणि आढक, ही मापे वाचकाला अगोदरच ठाऊक आहेत असे धरून जे लिहिले, तेथे इतिहास आहे. कोडेकाराने रंगवून सांगितलेल्या गोष्टीवर फारसा विश्वास ठेवू नये. त्याने जाता जाता गृहीत धरलेल्या गोष्टीवर मात्र बराच ठेवावा.

आणि गृहीत धरलेली गोष्ट नेहमी गोड असतेच असे नाही. व्यस्त त्रैराशिकाच्या प्रकरणात एक उदाहरण आहे, ते मला टाळून पुढे जाता येत नाही. सोळा वर्षांच्या स्त्रीला ३२ मिळतात, तर वीस वर्षांच्या स्त्रीला किती? लगेच पुढे : दोन धुरा वाहिलेल्या बैलाला ४ निष्क, तर सहा धुरा वाहिलेल्या बैलाला किती? नियम असा की सजीवांचे वय वाढले की किंमत उतरते. पहिल्याचे उत्तर २५ पूर्णांक ३ पंचमांश, दुसऱ्याचे १ पूर्णांक १ तृतीयांश. दोन्ही किंमती निष्कांतच धरल्या तर एक मुलगी आणि आठ बैल यांची बरोबरी झाली.

वर सांगितलेला निकष येथेही लावला पाहिजे. ३२ हा आकडा खरा बाजारभाव होता असे मी म्हणणार नाही. तो कदाचित राजाच्या ८० योजनांसारखा सोयीसाठी घेतलेला असेल. परंतु माणसाची किंमत असते, ती वयानुसार ठरते आणि बैलाच्या किंमतीशेजारी ती मांडली तर विद्यार्थी दचकणार नाही, एवढे आचार्यांनी गृहीत धरले होते. त्यांना ह्यात समजावून सांगण्यासारखे काही वाटले नाही; त्यांना समजावयाचे होते ते फक्त व्यस्त प्रमाण. दासप्रथेचा ह्याहून निर्विकार पुरावा क्वचित सापडेल. भास्कराचार्यांना दोष देण्यासाठी मी हे बोलत नाही. इतक्या तरल बुद्धीच्या आणि इतक्या रसिक माणसालाही त्या काळाने काय सहज वाटायला लावले होते, ते येथे दिसते. हे उदाहरण लहान मुलांपुढे ठेवू नये, हे मला मान्य आहे. पण पंधरासोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकातून ते गाळणे किंवा त्या स्त्रीच्या जागी घोडा बांधणे मला पटत नाही. इतिहासाच्या तासाला जे सांगावयास एक व्याख्यान लागते, ते ह्या दोन ओळींत आहे.

हे ग्रंथ कोणत्या जगात शिकवले जात होते, त्याचा एक दगडी पुरावा आपल्या खानदेशात आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने तेथे मठ काढला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले. मठाला १२०७ साली उत्पन्ने लावून दिल्याची नोंद त्या लेखात आहे. तिचा काही भाग तेव्हाच्या मराठीत आहे. पेठेतील व्यवहारांवरचे काही कर मठाकडे, घाण्यांमागे थोडे तेल मठाकडे, असा तो हिशेब. दिव्यात तेल घाण्याचे, पाटीवर उदाहरण बाजाराचे! त्या मठातील मुलांना द्रम्माचे कोष्टक इतिहास म्हणून शिकावे लागत नव्हते. दाराबाहेर पडले की ते चालू असे.

आपल्याकडेही असेच एक कोष्टक दाराबाहेरून उठून पुस्तकात गेले. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पया. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नये पैसे झाले. पुढच्या वर्षापासून शेर आणि मण यांनाही निरोप मिळू लागला. सोळाच्या मागे बाजाराचे शहाणपण होते. सोळा चार वेळा निमे करता येतात आणि तरी अपूर्णांक येत नाही. अधेली, पावली, चवली, आणा अशी ती उतरंड. द्रम्माचे १६ पण आणि रुपयाचे १६ आणे यांतील साम्य मुलांना दाखवावे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ह्या पाढ्यांचे कामच त्या उतरंडीवर चढउतर करण्याचे होते. आजोबांचे जुने अंकगणित घरात असेल तर ते रद्दीत घालू नका. त्यातील मजुरी, भाडे, व्याज यांची उदाहरणे आता 'लीलावती'च्या रांगेत जाऊन बसली आहेत.

नव्या कोडेकारांविषयी माझी एकच तक्रार आहे. 'अमुक गडावर महाराजांचे ४८० मावळे होते, पैकी एक तृतीयांश रात्री पहाऱ्यावर गेले' अशी उदाहरणे मी पाहतो. ४८० का, तर त्याला तीनने भाग जातो म्हणून. मूल गणित विसरते, आकडा विसरत नाही. दहा वर्षांनी तो आकडा इतिहास म्हणून ऐकू येतो. भास्कराचार्यांनी हत्तींमागे धावणाऱ्या त्या राजाला नाव दिलेले नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. काल्पनिक संख्या हवी असेल तर निनावी राजा घ्या. खरे नाव घ्यावयाचे असेल तर संख्याही खरी घ्या. खऱ्या संख्यांत कोडी काही कमी नाहीत. एक तर खुद्द आचार्यांनीच घालून ठेवले आहे. आपला जन्मशक त्यांनी शब्दांनी सांगितला : रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे. मुलाने ते मांडावे, १०३६ मिळवावे, ग्रंथ छत्तिसाव्या वर्षी लिहिला असे ते सांगतात म्हणून ३६ मिळवावे, शकाचा इसवी सन करण्यासाठी ७८ मिळवावे आणि ११५० येते का पाहावे.

एवढे झाले की कोणीतरी मुलगी विचारणारच, लीलावती कोण? ग्रंथात 'बाले', 'सखे', 'मित्र' अशी संबोधने येतात, लीलावतीलाही नावाने हाक येते. ती मुलगी होती, पत्नी होती की कोणीच नव्हती, ते तेथे सांगितलेले नाही. ज्योतिषी बापाने मुहूर्तासाठी ठेवलेले घटिकापात्र, त्यात पडलेले मोती, बुजलेले भोक, हुकलेला मुहूर्त ही करुण गोष्ट येते ती अकबराच्या दरबारातील फैजीच्या फारसी भाषांतरात, १५८७ साली. मुलीने १५८७ मधून ११५० वजा करावेत. बाकी ४३७ वर्षे.