पावसाळ्यापूर्वीची बेगमी : आदिलाबादच्या बाजाराचा एक दुर्लक्षित पैलू

दुकानदार माल केव्हा भरतो, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला क्षुल्लक वाटण्याची शक्यता आहे. परंतु पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यापुरते पाहिले, तर कर्ज आणि जमीन यांचे धागे याच प्रश्नात गुंतलेले आढळतात.

आगगाडी येण्यापूर्वी दख्खनच्या अंतर्भागातील माल बंजाऱ्यांच्या बैलांवर येई. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. तांदूळ, गहू आणि मीठ हा त्यांचा मुख्य माल. आदिलाबाद मिठाच्या बाबतीत पूर्णपणे परावलंबी होता. उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा व प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी. पावसाळ्यात वाटा बंद. त्यामुळे मृग लागण्यापूर्वीच मीठ, गूळ, कापड, लोखंड दुकानात भरून ठेवावे लागे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग पूर्ण झाला आणि माल असिफाबाद-सिरपूरच्या बाजूस वर्षभर येऊ लागला. उटनूरच्या डोंगराळ भागास मात्र बारमाही सडक नव्हती. तेथे बेगमीचा जुना नियम कायम राहिला.

येथेच खरा प्रश्न सुरू होतो. ज्येष्ठात दुकान भरलेले असे. गोंड शेतकऱ्याची कणगी मात्र श्रावण-भाद्रपदात रिकामी होई. मग धान्य सवाईने किंवा दिढीने घ्यायचे आणि सुगीला ज्वारी, तीळ, कापूस सावकाराच्याच मापाने व भावाने घालायचे. म्हणजे व्यापाऱ्याचे कोठार ठोक बाजारातून कमी आणि कर्जदाराच्या खळ्यावरून अधिक भरत असे. ज्या घरची ज्वारी सुगीत गेली, त्याच घरी ती पुढील पावसाळ्यात उधारीने परत येई! धान्याने फेड न झाल्यास पाळी जमिनीवर येई.

१९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना आदिवासींच्या स्थितीच्या पाहणीस नेमले. मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून परिचित असलेले सेतु माधवराव पगडी यांनीही संस्थानचे अधिकारी या नात्याने येथे काम केले व आदिलाबादच्या गोंडांवर ग्रंथ लिहिला. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्याचा विचार सहसा केवळ भाषेच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचा संबंध वहीखात्याशीही आहे. आपल्या नावावर किती पायली मांडल्या, हे ज्याला वाचता येत नाही, त्याचे कर्ज फिटावे कसे?

१९५६ साली गिरिजन सहकारी महामंडळ स्थापन झाले. वनोपज विकत घेणे आणि डेपोंतून गरजेच्या वस्तू पुरविणे, अशी दुहेरी योजना त्यात होती. कल्पना योग्यच होती. परंतु सरकारी डेपोलाही बेगमीचा नियम चुकत नाही. पावसापूर्वी तो भरला नाही, तर गिऱ्हाईक पुन्हा त्याच जुन्या दुकानाच्या पायरीवर जाणार. जमीन हस्तांतरणावर १९७० चा पहिला विनियम कडक बंदी घालणारा होता. तरीही २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारच्या बाजारादिवशी, इंद्रवेल्ली येथे जमलेल्या गोंडांच्या मागण्यांत जमीन अग्रभागी होती. त्या दिवशीच्या गोळीबारात सरकारी आकड्यानुसार १३ जण मृत्युमुखी पडले. इतरांनी दिलेली संख्या याहून बरीच मोठी आहे.