झिजलेल्या भागांचा इतिहास

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते वालचंद हिराचंद आपल्या चरित्रवाङ्मयात प्रामुख्याने 'पहिले' म्हणून वावरतात. नांगर आणि तेल-इंजिने करणारा, धनजीशा कूपर यांनी उभारलेला सातारा रोडचा कारखानाही पुढे त्यांच्याच समूहात आला. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साह्याने त्यांनी बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन केली. १९४१ साली तिथे हार्लो हे हलके शिकाऊ विमान जोडून उडवले गेले, आणि गौरवाची भाषा तेथेच थबकते.

आमच्या मते इतिहास खरा रंगतो तो त्यानंतर. १९४२ मध्ये सरकारने कारखान्याचा ताबा घेतला, १९४३ मध्ये तो अमेरिकी हवाई दलाकडे गेला. निर्मिती मागे पडली. युद्धात खिळखिळी झालेली डकोटा-कॅटलिना विमाने उकलायची, झिजलेले बदलायचे, पुन्हा जुळवायची, हेच काम उरले. १९५१ चे एचटी-२ आणि १९५८ चे दोन आसनी 'पुष्पक' या दुरुस्तीत तयार झालेल्या हातांची आठवण देतात, असे आम्ही मानतो.

जुन्या पुष्पकाची दुरुस्ती पाहण्याजोगी असते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर ताणून रोगण दिलेले कापड. कापड धडधाकट दिसले तरी भरवसा नाही. ते उकलावे तेव्हा शेपटाकडच्या खालच्या नळीत, जिथे पाणी साचते तिथे, गंज सापडतो. बिजागरीचे भोक लंबुळके झालेले असते. ते गोल करून घ्यायचे आणि त्यात बेताचा नवा बुश बसवायचा. कारखान्याने पुष्पक करणे केव्हाच थांबवले आहे. तेव्हा सुटा भाग दुसऱ्या निकामी विमानातून तरी काढायचा, नाहीतर मंजूर आराखड्यावरून घडवायचा. विहिरीवरच्या इंजिनाला आपला मिस्त्री अंदाजाने जे करतो, आणि बहुधा उत्तम करतो, त्याला येथे मज्जाव. प्रत्येक बदल वहीत चढतो, तपासनिसाच्या सहीनिशी.

येथे आम्हां वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना एकनाथ आठवल्याखेरीज राहत नाहीत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीही दुरुस्तीच, पाठ झिजले होते, नकलाकारांच्या हातून अशुद्धे शिरली होती. मात्र ती करताना काय काढले, काय बसवले, याची वही नाथांनी ठेवली नाही. (त्यांच्याकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे, हेही खरे.) म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून जी प्रत छापली, तिच्या अस्सलपणाचा वाद कोणत्याही सहीने मिटण्यासारखा नव्हता.

सगळे कापड, निम्म्या नळ्या आणि इंजिन बदललेले पुष्पक कागदोपत्री तेच विमान राहते. त्याचा नोंदणी क्रमांकही बदलत नाही.