आज्जीचा तपकिरी फोटो

आमच्या सोप्यात भिंतीला आज्जीचा एक फोटो आहे. कॅबिनेट साइजचा, तपकिरी रंगाचा. जन्मात ती कॅमेऱ्यापुढं एकदाच बसली, १९७३ च्या उन्हाळ्यात. दुष्काळाचं साल होतं.

फोटोची विद्या तशी आपल्याकडं लवकर आली. १८३९ मध्ये ती फ्रान्समध्ये जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. १८९६ मध्ये राजा दीनदयाळांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. पण हे सगळं शहरातलं, साहेबांचं नि संस्थानिकांचं. गावाकडं कॅमेऱ्याची भीतीच जास्त. फोटो काढला की आयुष्य घटतं, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगायची. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाच्या आधी फोटोचा धंदा केला, तेव्हा त्यांनाही असलीच समजूत आडवी आली म्हणतात.

आज्जीलाही हीच भीती. पण मुंबईला गिरणीत असलेल्या चुलत्यांचं पत्र आलं, "आईचा फोटो पाठवा, खोलीत लावायचाय." सोबत मनिऑर्डर. लेकाचं मन मोडवेना, म्हणून आज्जी तयार झाली.

तालुक्याच्या स्टुडिओत मी त्या सुट्टीत पोऱ्या म्हणून होतो. एक खोली, मागं राजवाडा रंगवलेला पडदा, खिळ्याला एक कोट. तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांनी तोच कोट घालून फोटो काढलेला. आरसा, फणी, पावडरचा डबा. गिऱ्हाईक आलं की खुर्चीत ताठ बसायचं, दोन्ही हात गुडघ्यावर, कोर्टात उभं केल्यागत तोंड.

आज्जी आली तशी फोटोवाल्या काकांनी राजवाडा गुंडाळला आणि त्या जागी काळं घोंगडं टांगलं. दिवे बंद केले, उत्तरेची खिडकी उघडली. उत्तरेचं ऊन आत येत नाही, नुसता मऊ उजेड येतो. आज्जीला स्टुलावर जराशी तिरपी बसवली. एका गालावर उजेड, दुसरा गाल सावलीत. सावली अगदीच काळी पडू नये म्हणून त्या बाजूला मला पांढरं धोतर धरून उभं केलं. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणला आणि काका काळ्या कापडात शिरले.

आज्जीनं हात पदराखाली लपवले होते.

"मावशी, हात भायेर घ्या की."

"नगं बाबा. खडी फोडून पार भेगाळल्यात. लेकाला कशाला दावायचं?"

काकांनी आग्रह केला नाही. सहज विचारलं, "मजुरी काय मिळती हो खडीवर?"

झालं! आज्जी पेटली. "दिसभर फोडली तरी मुकादम म्हनतोय, माप भरंना! खायाला ती तांबडी मिलो, भाकर सुदीक धड व्हत न्हाई तिची." बोलता बोलता दोन्ही हात पदरातून बाहेर आले नि मांडीवर येऊन पडले. "हां मावशी, अशाच ऱ्हावा." खट्.

त्या रात्री काकांनी मला तपकिरी करायचं काम दाखवलं. फोटो हायपोतून काढल्यावर पाण्यात खूप वेळ धुवावा लागतो. हायपो कागदात राहिला तर फोटो पुढं पिवळा पडतो, आणि टोन करताना तर पहिल्या औषधात चित्रच खाऊन टाकतो. पाणी मीच आणलेलं, तळ गाठलेल्या विहिरीतून तांब्या-तांब्यानं भरलेल्या चार घागरी. आज्जीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बैलं तहानलेली, अन् तुमी फोटूला पानी पाजताय व्हय?" मला खाली बघावं लागलं. हायपोचं पाणी तर जनावरालाही चालत नाही.

धुतलेला फोटो काकांनी पिवळ्या औषधात टाकला. पोटॅशियम फेरिसायनाइड नि ब्रोमाइडचं पाणी ते. बघता बघता आज्जी विरायला लागली. डोळे गेले, हात गेले, फिकट पिवळसर डाग तेवढा उरला. मी ओरडलोच, "काका, आज्जी गेली!" ते हसले. कागद पुन्हा धुतला आणि सोडियम सल्फाइडमध्ये सोडला. खोलीभर सडक्या अंड्याचा वास सुटला आणि त्या वासातून आज्जी परत आली, तपकिरी होऊन. चांदीचं सल्फाइड होतं, ते साध्या चांदीपेक्षा जास्त टिकतं, असं काकांनी सांगितलं.

फोटो मुंबईला गेला आणि पंधरा दिवसांत परत आला. चुलत्यांनी लिहिलं होतं, "आई अगदी दीनवाणी दिसते. शेजारीपाजारी म्हणतील, लेक पोसत नाही. हात काढून टाका, सुरकुत्या घालवा." वडील ते पत्र वाचून गप्प झाले. आज्जीला त्यांनी एवढंच सांगितलं, की दुसरा पाठवायचाय.

काकांनी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून सुरकुत्या बुजवल्या, फोटो गळ्यापर्यंतच घेतला. आज्जीचा चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा झाला. तोवर विहीर आटली होती. टोन केला नाही, दोन पाण्यांतून काढून तसाच वाळवला नि पाठवला. पेन्सिल लागलेल्या निगेटिव्हमधून पहिल्यासारखी आज्जी आता निघणार नव्हती. परत आलेला तपकिरी फोटो वडिलांनी भिंतीला लावला.

आज्जी १९७९ मध्ये गेली. १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि वर्षभरानं चुलते ट्रंक घेऊन गावी आले, ते कायमचेच. ट्रंकेत त्यांचा फोटो होता. पिवळा पडलेला, एका कडेनं विरत चाललेला. त्यातली आई ओळखायला मलाच वेळ लागला.

चुलते भिंतीखाली बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "ह्याचा आणखी एक निघंल का रं?"

"फोटोवरनं फोटो काढता येतो, तात्या. तोंडापुरता काढू?"

"न्हाई," ते म्हणाले, "हातासकट काढ."